शेऱ्याचा रकाना

नकाशा कापडावर डकवलेला.
मोहटोलीच्या मधून जी नदी वाहताना दिसते
ती नदी नाही, घडी आहे.
हे कळायला मला अख्खी दुपार लागली.

हुकूम मात्र साधा :
मौजा मोहटोली, पटवारी हलका एकेचाळीस,
हद्दवाढीनंतर प्रभागात समाविष्ट,
सबब स्वतंत्र दप्तर बंद करावे.

बंद करायचंच, तर आधी वाचावं म्हटलं.

भोसल्यांच्या काळी शीव म्हणजे
या मोहापासून त्या मोहापर्यंत,
हाक ऐकून बैल जिथून मागे वळेल तिथवर.
मग साखळी आली, झेंड्या आल्या,
वाजिब-उल-अर्ज आलं, आणि देवबाजी मालगुजार.
त्यानं मोजणीदाराच्या तंबूत
संत्र्यांच्या दोन टोपल्या पाठवल्या
आणि पूर्वेची शीव रातोरात
नाला ओलांडून पलीकडे जाऊन निजली.
क्षेत्र जुळायला हवं, म्हणून
पश्चिमेची तेवढीच आत ओढली.
दोन्हीकडे शाई जाड आहे.
शेऱ्यात एकच शब्द : दुरुस्ती.

पुढे प्रांत गेला, राज्य बदललं,
राजधानीची उपराजधानी झाली,
शिक्क्यावरच्या हिंदीची मराठी झाली.
तूर होती तिथंच राहिली.
कुरण रेल्वेनं नेलं, आमराई रिंगरोडनं.
झुडपी जंगल कागदावर अजून जंगलच ;
तिथं तीन मंगल कार्यालयं आहेत,
पैकी एकाचं पार्किंग निस्तारपत्रकात
'गुरांचा उभा राहण्याचा तळ'.
एवढं एक बरोबर निघालं.

जागेवर गेले तेव्हा झिबल रामटेके आले,
निवृत्त कोतवाल, वय एकोणऐंशी, पायात कॅनव्हासचे बूट.
माझ्या यंत्राकडे पाहिलं, उपग्रह किती ते विचारलं.
सोळा, म्हटलं.
"लय झाले. आमाले दोन पाय पुरत."

चालता चालता सांगत होते :
"आखाडीले सुकलू भुमक गाव बांधे.
पुढं तो, दारूची धार सोडत,
मांगं माहा बाप, कोंबडा धरून,
त्याच्या मांगं मी, रिकामं मडकं घेऊन.
छप्पन साली बाप नागपूरले गेला, पायी.
आला तं म्हणे, कोंबडा नाई धरत आता.
भुमक म्हणे, मंग शीव कोन दाखवन?
बाप म्हणे, शीव दाखवतो. कोंबडा तुह्या तू धर."

पंक्चरच्या दुकानाशी थांबले.
जॅकखालचा दगड बुटानं टोकरला.
ग्रीसखाली छिन्नीची खूण होती,
वर शेंदराचा एक चट्टा,
कुणी कधी लावला ते दुकानदार शमीमलाही माहीत नाही.
मी यंत्र ठेवलं. आकडे स्थिरावले.
नकाशातल्या शिवेपासून
दगड एकशे बारा मीटर पश्चिमेला.

त्या एकशे बारा मीटरांत
रामटेक्यांचा मोहल्ला येतो. विहार. हातपंप.
दप्तरात कायम 'गावाबाहेर' लिहिलेली अठ्ठावीस घरं.

"तुम्हाला माहीत होतं?"
"बाप सांगे. गाव आमाले भायेर म्हणे,
दगड तसा नाई म्हणे."
"मग कुठं अर्ज, तक्रार?"
"कोनी इचारलंच नाई, म्याडम.
अन् आता तं सारंच शहर झालं."

म्हणजे काहीच बदलणार नव्हतं.
प्रभाग तोच, पाणीपट्टी तीच.
उद्या मोहटोली नावाचं काही उरणार नाही
ज्याच्या आत कुणी असावं.

शेऱ्याचा रकाना बोटाएवढा रुंद.
लिहिलं : दगड पाहिला. मोहल्ला आत.
खाली माझी आद्याक्षरं, तारीख.
झिबलजी म्हणाले, माही बी सही घ्या,
कोतवालाशिवाय पंचनामा कसा?

त्यांनी चष्मा लावला, पान मांडीवर घेतलं.
'रामटेके'मधला टे रेघ ओलांडून
शेजारच्या कोऱ्या रकान्यात गेला.
शमीमनं तेवढ्यात जॅक परत मागितला.